शरण न जाणारा सिद्धार्थ

वसतिगृहात रोज त्रिशरण म्हणत वाढलेल्या आम्हांला हेर्मान हेसे यांची ‘सिद्धार्थ’ (१९२२) ही कादंबरी प्रथम बोचली. तिचा नायक तथागतांना भेटतो, नम्र होतो, आणि संघात न जाता आपल्या वाटेने निघतो. भिक्खू होतो तो त्याचा मित्र गोविंद. जर्मन लेखकाला हा विषय का सुचावा? हेसे यांचे आजोबा हेर्मान गुंडर्ट केरळात मिशनरी होते. त्यांचा मल्याळम शब्दकोश प्रसिद्धच आहे. वडीलही मिशनरी, आईचा जन्म भारतातला. घरात धर्म भाकरीसारखा रोजचा. १८९२ मध्ये, चौदाव्या वर्षी, हेसे माउलब्रॉनच्या निवासी धर्मविद्यालयातून पळाले. (हा विचार आमच्यापैकी कुणाला शिवलाच नाही, असे कोण म्हणेल?) पळाले तरी बालपणीच्या प्रार्थनांशी त्यांचा वाद मिटला नाही, तोच कादंबरीत उतरला, असे आम्हांस वाटते.

१९५६ साली आमच्या वडीलधाऱ्यांनी धम्म विचारपूर्वक निवडला. आमच्या मुलांना तो वारशाने मिळाला आहे आणि तीही आता प्रश्न विचारू लागली आहेत. कालामांना स्वतः पारखून घेण्यास सांगणाऱ्या शास्त्याच्या या विद्यालयात ही कादंबरी मुलांच्या हाती लागेल अशा फळीवर असावी.