पाच मायक्रोमीटरचा मुलूख

आमच्या जांब समर्थचा घनसावंगी तालुका उसाचा. साखर काढून झाली की उरलेली मळी मद्यार्कासाठी यीस्टच्या हवाली होते. त्या मळीतल्या एका यीस्टपेशीत मनाने शिरलो, त्याची ही हकीकत. मुलूख केवढा? आडवातिडवा पाच मायक्रोमीटर. मिलिमीटरभर जागेत असे दोनशे मुलूख ओळीने बसतील.

त्याच्या पोटात तटबंद केंद्रक. जनुकं जवळपास सगळी आत, पण प्रथिनं घडतात बाहेर, पेशीद्रवात. त्यामुळे आतल्या जनुकांवर काम करणाऱ्या प्रत्येक प्रथिनाला बाहेर जन्मून आत जावं लागतं. तटाला दुहेरी पडदा आणि त्यात शे-दोनशे वेशी. एकीपाशी गेलो तो थबकलोच. दरवाजा नाही, अडसर नाही, पहारेकरी नाही! आठ सारख्या भागांचं एक कडं, सुमारे साडेपाचशे प्रथिनरेणूंनी रचलेलं. मधल्या वाटेत प्रथिनांचेच सुटे धागे सारखे वळवळताहेत. चिल्लर रेणू त्यांतून निसटून जातात. थोराड अडतात.

पण आत जायच्या थोराडाच्या अंगावरच पत्ता असतो: लायसीन, आर्जिनीन अशा अमिनो आम्लांची छोटीशी माळ. कॅप६० नावाचं प्रथिन ती ओळखतं, त्याचं जोडीदार कॅप९५ दोघांना धाग्यांमधून पार नेतं. प्रथिनाचा मुक्काम त्याच्याच अंगावर लिहिलेला असतो, हे दाखवणाऱ्या गुंटर ब्लोबेल यांना १९९९चं नोबेल मिळालं. त्यांनी ते पैसे ड्रेस्डेनमधलं युद्धात पडलेलं चर्च पुन्हा उभं करायला दिले.

वेस ओलांडायला इंधन लागत नाही. मग माल आतच कसा उतरतो? इथे माझी मती गुंग झाली. दिशा वेशीला ठाऊकच नाही! जीएसपी१ नावाचं चिमुकलं प्रथिन आत जीटीपी हा ऊर्जारेणू धरून असतं, बाहेर त्याचंच फुटलेलं रूप, जीडीपी. कारण जीटीपी भरून देणारं प्रथिन आत गुणसूत्रांना चिकटलेलं, आणि तो फोडायला लावणारं बाहेर. आतलं जीएसपी१ कॅप९५ला बिलगलं की ओझं सुटतं. खर्च होतो तो हा फरक राखण्यात.

एमआयजी१ नावाच्या प्रथिनाची गंमत तर पाहावी. ग्लुकोज मुबलक असेपर्यंत ते आत ठाण मांडून इतर साखरा पचवणारी जनुकं बंद ठेवतं. ग्लुकोज सरलं की त्याच्या अंगावर फॉस्फेट चिकटतात आणि एमएसएन५ हे वाहक प्रथिन काही मिनिटांत त्याला बाहेर काढतं. बोहल्यावरून पळालेला आमच्या जांबचा नारायण, म्हणजे समर्थ रामदास, चोवीस वर्षांनी आईला भेटायला आला, असं परंपरा सांगते. एमआयजी१ मात्र ग्लुकोज दिसताच माघारी!

आपल्या पेशी विभागताना केंद्रकाचा तट मोडतो आणि नव्याने उभा राहतो. यीस्टचा तेव्हाही शाबूत असतो. गुणसूत्रं ओढणारे दोर आतल्या आतच विणले जातात, आणि त्यांचा कच्चा माल, ट्युब्युलिन, तोही बाहेरूनच आणावा लागतो.