ताल थांबल्यावर

लता की आशा, कुमार गंधर्व की भीमसेन, असे वाद मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या रंगत आले आहेत. परदेशी रॉक संगीताचे चाहतेही त्याला अपवाद नाहीत. मुंबईतल्या दोन मित्रांचा असा एक वाद तीसहून अधिक वर्षे दर रविवारी चालू होता. एकाचा जीव ‘द हू’ या इंग्लिश वाद्यवृंदावर, तर दुसऱ्याचा ‘लेड झेपेलिन’वर.

तरुणपणी हा वाद निव्वळ वादनाचा होता. ‘द हू’चा ड्रमवादक कीथ मून केवळ ठेका धरून बसणारा नव्हता. गायक गात असतानाच तो मुसंडी मारी. जणू ड्रमवरही तो गाणेच गाई. ‘लेड झेपेलिन’चा जॉन बोनम याच्या अगदी उलट. त्याचा आघात किंचित रेंगाळून, पण साऱ्या वजनानिशी पडे. १९७१ च्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ या गाण्यासाठी हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत त्याचे ड्रम जिन्याच्या पायथ्याशी मांडले होते आणि मायक्रोफोन वरून सोडले होते. त्या उंच पोकळीतला घुमारा ऐकताना दुसरा मित्र डोळे मिटून घेई. मग पहिला त्याच वर्षीचे ‘बाबा ओ’रायली’ लावी. त्यातले ‘बाबा’ म्हणजे अहमदनगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा. ‘द हू’चा गिटारवादक पीट टाउनशेंड त्यांचा भक्त होता. एवढ्या आधारावर आपली बाजू वरचढ ठरवणे हा उघड पक्षपात. पण रसिकाने तो करू नये तर कोणी करावा?

मून ७ सप्टेंबर १९७८ रोजी वारला, बोनम २५ सप्टेंबर १९८० रोजी. दोघांचेही वय ३२. दारूच्या ओढीवर दिलेल्या गोळ्यांच्या अतिसेवनाने एकाचा घात केला, दुसऱ्याचा दारूनेच.

‘लेड झेपेलिन’ने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये थांबण्याचे जाहीर केले. ‘द हू’ने मात्र केनी जोन्सला सोबत घेतले. २००२ मध्ये दौऱ्याच्या आदल्या दिवशी जॉन एन्टविसल गेला, तरी काही दिवसांतच उरलेले दोघे रंगमंचावर उभे राहिले. २०२५ मध्ये त्यांनी अमेरिकेत निरोपाचा दौरा केला. थांबण्यातच खरी निष्ठा आहे, असे दुसरा मित्र ठासून सांगे. २००७ मध्ये ‘लेड झेपेलिन’ बोनमच्या मुलाला घेऊन लंडनमध्ये एकदाच वाजवून गेले, त्यावरही तो नाराज होता. पहिल्याला मनातून त्याचे पटत असे, परंतु त्याने तसे कधी कबूल केले नाही.

पुढे तो दुसरा मित्र वारला. रविवारची बैठक चालू ठेवावी की मोडावी, हा प्रश्न आता पुस्तकी राहिला नव्हता. दोन महिने घरात गाणे वाजले नाही. नंतर एका रविवारी शेजारचा मुलगा सहज डोकावला आणि पहिल्याने त्याला ‘बाबा ओ’रायली’ ऐकवले. तेव्हापासून बैठक पुन्हा भरते. मुलगा ‘लेड झेपेलिन’चीही फर्माईश करतो, तेव्हा इतर गाणी लागतात, जिन्यातल्या त्या ड्रमचे गाणे मात्र अजून लागलेले नाही.