टक्

नांदेडला सिडकोत बहिणीकडे दोन दिवस राहून सकाळी लवकर लातूरला निघायचं ठरलं होतं. मे महिना, म्हणजे ऊन चढायच्या आत अहमदपूर तरी गाठायला हवं. पिशव्या डिकीत गेल्या, बहिणीने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. मी किल्ली फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. इंजिन हललंसुद्धा नाही.

दाजी बाहेर आले, शेजारचे दोघे आले आणि चौघांचं एका मिनिटात एकमत झालं: बॅटरी उतरली. आमच्याकडच्या उन्हात बॅटरी लवकर जाते, हे खोटंही नाही. पारा ४२ च्या पुढे गेला की आतलं पाणी उडतं, शिशाच्या प्लेटा गंजतात. शेजाऱ्यांनी त्यांची जीप आडवी लावली आणि जम्पर केबल आणली. लाल चिमटा लालला लावला. काळा मात्र मी बॅटरीला न लावता आमच्या इंजिनाच्या लोखंडाला लावला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तिथे ठिणगी नको, हे मी गाडीच्या पुस्तकात वाचलं होतं. किल्ली फिरवताच गाडी सुरू. मग शंकाच उरली नाही. इंजिन चालू ठेवूनच बॅटरीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मीटर न लावताच जुनी काढली, मीही लाव म्हणालो नाही. साडेचार हजार. नव्या बॅटरीवर गाडी एका झटक्यात सुरू झाली आणि लातूर फाटा मागे टाकताना मी दाजींच्या निदानाचं बायकोजवळ कौतुकही केलं.

लोहा गेलं. माळेगावला खंडोबाचं दर्शन घेऊ म्हणून थांबलो. मार्गशीर्षातल्या यात्रेत इथे घोड्यांचा, गाढवांचा बाजार भरतो. जनावर घेणारा आधी त्याचे दात बघतो, चालवून बघतो, पायावरून हात फिरवतो. मी बॅटरी घेताना यातलं काहीच केलं नव्हतं. हे तेव्हा सुचलं नाही. दर्शन घेऊन येऊन किल्ली फिरवली आणि टक् ऐकलं तेव्हा सुचलं.

चार पोरांनी धक्का मारला, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला, गाडी सुरू झाली. मग अहमदपूरपर्यंत बंद करायची छाती झाली नाही. रसवंतीसमोरसुद्धा इंजिन घरघरत ठेवून रस प्यायलो.

अहमदपूरला रस्त्याकडेला एक ऑटो इलेक्ट्रिशियन दिसला. साठीचा माणूस, सगळे त्याला मामू म्हणत होते.

"बंद करा."

"मामू, बंद केली तर चालू होणार नाही."

"म्हणूनच बंद करा. चालू गाडीत दुखणं कसं सापडंल?"

बंद केली. मग त्याने जे विचारलं, ते सकाळपासून कुणीच विचारलं नव्हतं. "आवाज कसा करायलीय? एकच टक्, का कटकटकट?"

एकच. "मग हेडलाइट लावा आन् किल्ली फिरवा. धरून ठेवा, सोडू नका." तो समोर हाताची सावली करून उभा राहिला. दिवे जसेच्या तसे राहिले. बॅटरी कमजोर असती तर सेल्फने ओढ लावताच दिवे पिवळे पडले असते आणि रिले कटकट करत राहिला असता. इथे सेल्फपर्यंत पुरेसा करंट जातच नव्हता. सेल्फ तरी आतून बिघडला आहे किंवा वाट तरी तुटली आहे, असं तो म्हणाला.

त्याने मीटर काढला. बॅटरी १२.६, म्हणजे भरलेली. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला. "आता फिरवा." दोन्ही जागा एकाच तारेने जोडलेल्या, त्यामुळे अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसायला नको. काटा पाचावर गेला. मामूने क्लचच्या केबलला बोट लावून झटकन मागे घेतलं आणि मलाही लावायला सांगितलं. गरम होती. धड वाट न मिळालेला करंट तिच्यातून घुसत होता.

"क्लचप्लेट बदलली का एवढ्यात?"

मी बायकोकडे बघितलं. महिन्यापूर्वीच बदलली होती.

मामूने जम्पर केबलची एकच काळी तार घेतली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला, दुसरा इंजिनाला. शेजारी दुसरी गाडी नाही, बॅटरी तीच. गाडी लगेच सुरू झाली.

सकाळचं कोडं तिथे सुटलं. जीपमधून आमच्या बॅटरीला काही मिळायची गरजच नव्हती. मी तो काळा चिमटा इंजिनाला लावला आणि जीपचा करंट आमची तुटलेली अर्थिंग नकळत चुकवून थेट सेल्फला मिळाला. पुस्तकातल्याप्रमाणे बरोबर वागलो म्हणूनच चुकलो.

गिअरबॉक्स उतरवताना अर्थिंगची पट्टी सोडावी लागते. बसवताना बोल्ट अर्धाच आवळलेला, खाली माती आणि गंज. हेडलाइटच्या एका बल्बला पाचेक अँपिअर पुरतात, सेल्फला शंभर-दीडशे लागतात. असला बोल्ट टक् म्हणण्यापुरता करंट देतो, इंजिन फिरवण्याइतका देत नाही. आणि तो कधी टेकतो, कधी नाही. बॅटरीच्या दुकानात टेकला होता. मामूने पट्टी काढून पॉलिश पेपरने घासली, बोल्टाखालचं लोखंड चकाकेपर्यंत खरवडलं, आवळलं, वर ग्रीस लावलं. मीटर आता ०.२ दाखवत होता.

चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये आला, त्याआधी माणसं हँडल मारून इंजिन फिरवत. आमच्या लहानपणीच्या जीपलाही हँडल असायचं आणि ते उलटलं की मनगट जायचं. तरी मामूचा पाना फिरत होता तेव्हा मला त्या हँडलची आठवण फार येत होती.

"किती झाले?"

"दीडशे द्या."

जुनी बॅटरी दुकानदाराने बदल्यात आठशेला घेतली होती. धडधाकट होती.

संध्याकाळी लातूरला पोचल्यावर दारात गाडी सहा वेळा बंद-चालू केली. सातव्या वेळी बायको गॅलरीतून म्हणाली, "आता वर या की." वर आलो तर दाजींचा फोन.

"काय मग, नवी बॅटरी कशीय?"

"एकदम चांगली," मी म्हणालो.