घाट उतरण्यापूर्वी

कर्जतच्या बाजारपेठेत धान्याचे एक जुने दुकान आहे. दुकानामागील वखारीत, पोत्यांच्या थप्प्यांपासून चार हात अंतर राखून, पांढऱ्या रंगाची एक प्रीमियर पद्मिनी उभी असते. दुकानाच्या मालकांना सारी बाजारपेठ काका म्हणते. त्यांच्या वडिलांनी ही गाडी घेतली तेव्हा नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. गाडी दारात आली त्या दिवशी वडिलांनी दोन्ही मुलांच्या हाती एकेक किल्ली दिली होती. पुढे वाटणी झाली. लोणावळ्याचे घर व तेथील व्यवसाय धाकट्या बंधूंकडे गेला, कर्जतचे दुकान काकांकडे राहिले आणि गाडीही काकांकडेच राहिली. धाकट्याला गाडी नको होती, असे काका सर्वांना सांगत. त्यानंतर दोन्ही घरांतील जाणे-येणे हळूहळू थांबले.

या गाडीचे आणि या परिसराचे नाते तसे जुने आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात 1882 मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी उमेदीच्या काळात बोरघाटातील रेल्वेच्या बोगद्यांचे काम केले, आणि त्याच वालचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीतील फियाटच्या आराखड्यावरून बनलेली 1089 सी.सी. इंजिनाची मोटार 1974 पासून पद्मिनी या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती घराघरांत परिचित झाली. मुंबईतील अशी शेवटची टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून निवृत्त झाली, तेव्हा अनेकांना घरचेच कोणी निघून गेल्यासारखे वाटले. काकांनी तर त्या दिवशी आपली गाडी धुऊनपुसून बाजारातून एक फेरी मारून आणली.

पर्युषण पर्व संपले की काका दरवर्षी परिचितांना क्षमापनेचा संदेश पाठवीत. धाकट्या बंधूंनाही तो जाई आणि त्यांचाही तसाच छापील संदेश येई. यंदा मात्र काकांच्या मनाने घेतले, की संदेश पाठवायचा नाही. याच गाडीने लोणावळ्यास समक्ष जायचे. घाट चढायचा आणि उतरायचा म्हणून त्यांनी आधी खोपोलीच्या रस्त्यावर गाडी चालवून पाहिली. पळसदरीच्या अलीकडे एक मुलगा सायकल घेऊन अचानक रस्त्यात आला. काकांनी ब्रेक दाबला. पायाखालचे पेडल खोल गेले आणि गाडी थांबण्याऐवजी डावीकडे ओढली जाऊ लागली. गिअर उतरवून व हँडब्रेक ओढून ती कशीबशी थांबली. मुलगा बचावला; तो काय घडले हे न कळताच निघूनही गेला. काका मात्र बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिले.

घरात एकच मत झाले, की गाडी विकून टाकावी. काकांचा सारा रोष मात्र गतवर्षी ब्रेकचे शू बदलणाऱ्या गॅरेजवर होता. “त्याने काम नीट केले नाही,” असे ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले. आठ दिवसांत ती गोष्ट साऱ्या बाजारात पसरली.

ही वार्ता धाकट्या बंधूंच्या मुलाच्या कानी गेली. तो खोपोलीजवळच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि रविवारी कर्जतला आला की वडिलांना न सांगता काकांकडे डोकावून जातो. त्याने खोपोलीच्या एका वयोवृद्ध मिस्त्रींना विनंती केली. मिस्त्रींचे हात आता कापतात, त्यामुळे त्यांनी अट घातली, “मी बसून सांगेन; हात पोराने लावायचा.”

मिस्त्रींनी प्रथम कशालाही हात लावू दिला नाही. त्यांनी काकांना प्रश्न विचारले. “शेठ, पेडल खोल जात होते, की स्पंजासारखे मऊ लागत होते? पाय दाबून ठेवला तर ते सावकाश खाली उतरते का? गाडी कोणत्या बाजूला ओढते? आणि चालवून आणल्यावर चाके तापलेली असतात का?”

प्रत्येक प्रश्नामागे कारण होते. पेडल खोल जाते पण खाली घट्ट लागते, तेव्हा बहुधा शू आणि ड्रम यांच्यातील अंतर वाढलेले असते. पेडल मऊ लागले तर नळ्यांत हवा शिरलेली असते. दाबून ठेवलेले पेडल हळूहळू उतरत गेले, तर मास्टर सिलिंडर आतून दाब सोडत असतो किंवा कोठेतरी गळती असते. गाडी डावीकडे ओढत असेल, तर दोष अनेकदा उजवीकडे असतो. कारण उजवे चाक आपले काम करीत नाही आणि डावे एकटेच करते. गळतीवर बोट ठेवून मिस्त्री म्हणाले, “जिकडे ओढते तिकडचा दोष, असे समजून माणसे चांगले चाक उघडत बसतात.”

चाके तापतात काय, या प्रश्नाला मात्र काका थबकले. पावसाळ्यापासून गाडी थोडी जड चालते, पेट्रोलही अधिक लागते, हे त्यांना जाणवले होते. गाडीचे वय झाले, असे म्हणून त्यांनी ते सोडून दिले होते.

गाडी जॅकवर उचलून खाली भक्कम आधार लावले. उजवे पुढचे चाक व ड्रम काढताना मिस्त्रींनी पुतण्याला बजावले, की आतील धूळ फुंकायची नाही; जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतो आणि तो फुप्फुसात जाता कामा नये. धूळ ओल्या फडक्याने पुसून घेतली. आत व्हील सिलिंडर ओलाचिंब होता आणि शूची लायनिंग तेलाने काळी पडली होती. तेल पिऊन बसलेली लायनिंग कितीही धुतली तरी भरवशाची राहत नाही. शिवाय शू कधी एकाच बाजूचा बदलत नाहीत. दोन्ही बाजूंचे एकदमच बदलावे लागतात, नाहीतर गाडी पुन्हा एकीकडे ओढू लागते.

सिलिंडरमधील रबरी वॉशर बाहेर आले ते फुगलेले आणि लिबलिबीत होते. मिस्त्रींनी एका काचेच्या पेल्यात पाणी मागविले आणि ब्रेक ऑइलच्या डबीतील थोडे द्रव्य त्यात सोडले. पाण्यावर तेलाचा तवंग पसरला.

“ब्रेक ऑइल हे नावाचेच ऑइल, शेठ. खरे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. हे इंजिनाचे तेल आहे. याने रबर फुगते. फुगले की ब्रेक पुरता सुटत नाही, चाक तापते; आणि शेवटी रबर तेल धरून ठेवत नाही. गॅरेजवाल्याचा यात काही दोष नाही. त्याचे शू चांगलेच आहेत. हे तेल कोणी ओतले?”

वखारीत क्षणभर कोणी बोलले नाही. काकांना आषाढातली ती संध्याकाळ आठवली. डबीतील पातळी उतरलेली दिसली, बाहेर मुसळधार पाऊस होता, आणि फडताळात तेलाचा एक डबा होता. तेल ते तेल, असे म्हणून त्यांनी स्वतःच ते ओतले होते.

“मीच,” ते म्हणाले.

आता एका चाकाचे काम राहिले नाही. चुकीचे तेल जेथे जेथे पोहोचले तेथील प्रत्येक रबर बदलणे भाग होते: मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर आणि रबरी नळ्या. पुतण्या लोकलने कुर्ल्यास जाऊन सुटे भाग घेऊन आला. जेथे गाडी जन्मली तेथूनच तिची औषधे आली. लोखंडी नळ्या स्पिरिटने धुऊन कोरड्या केल्या. एका वेळी एकाच चाकाचे शू काढले, म्हणजे कोणती स्प्रिंग कोठे बसते हे दुसऱ्या चाकावरून पडताळून पाहता येते. ड्रम आतून गोल आहेत की लेथवर घासावे लागतील, तेही पाहून घेतले. नवे ब्रेक ऑइल भरून, मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून, एकेका चाकातील हवा काढली. काका पेडल दाबीत, पुतण्या खाली निपल सैल करी आणि तेलातील बुडबुडे थांबेपर्यंत “दाबा”, “धरा”, “सोडा” असा पुकारा चाले. त्या दोन दिवसांत काका-पुतण्यांत जेवढे बोलणे झाले, तेवढे वाटणीनंतरच्या साऱ्या वर्षांत झाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी हात पुसता पुसता पुतण्या सहज म्हणाला, “काका, बाबांच्या कपाटात या गाडीची किल्ली अजून आहे. तुम्ही एकदा विचारले असते, तर ते नको म्हणाले नसते.”

धाकट्याला गाडी नको होती, हे वाक्य काकांनी इतक्यांदा उच्चारले होते, की त्यांना स्वतःलाच ते खरे वाटू लागले होते. प्रत्यक्षात वाटणीच्या वेळी त्यांनी धाकट्या बंधूंना तसे विचारलेच नव्हते.

त्या सायंकाळी काका प्रथम गॅरेजवाल्याकडे गेले. तेथे चार गिऱ्हाइके बसली होती. त्यांच्यासमोरच ते म्हणाले, “चूक माझी होती. तुमचे काम चोख होते. बाजारात मी जे बोललो ते सर्वांना सांगून परत घेईन.” आणि त्यांनी ते घेतलेही, एकेका दुकानात जाऊन घेतले.

बोरघाट उतरणाऱ्या रेल्वेगाड्या वाटेत थांबवून त्यांच्या ब्रेकची खात्री करून घेतली जाते, हे कर्जतच्या माणसास सांगावे लागत नाही. घाट चढताना इंजिनाची परीक्षा असते, उतरताना ब्रेकची. सतत दाबलेला ब्रेक तापतो, तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरतो आणि लायनिंगची पकडही कमी होते. म्हणूनच मिस्त्रींनी निघताना सांगितले, “ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकला पाय मधूनमधूनच लावा. आणि दर दोन वर्षांनी हे तेल बदला. ते हवेतील पाणी शोषते आणि पाणी उताराच्या उष्णतेने उकळते.”

नवी लायनिंग ड्रमला नीट बसावी म्हणून काका आठवडाभर पळसदरीपर्यंत सावकाश फेऱ्या मारीत राहिले. मग एका रविवारी पहाटे ते खोपोलीहून जुन्या घाटाला लागले. वाटेत शिंगरोबाच्या देवळापाशी साऱ्या वाहनचालकांप्रमाणे तेही क्षणभर थांबले. लोणावळ्यास धाकट्या बंधूंनी दार उघडले तेव्हा काकांनी मिच्छामि दुक्कडम् म्हटले. आणि एवढ्यावर न थांबता, कशाबद्दल, तेही सांगितले. गाडीविषयी आपण न विचारताच उत्तर ठरवून टाकले होते, आणि तेच उत्तर लोकांना सांगत राहिलो.

धाकटे बंधू काही न बोलता आत गेले आणि कपाटातील किल्ली घेऊन आले.

“उतरताना मी चालवतो, दादा,” ते म्हणाले. “तुम्ही शेजारी बसा.”

दुपारी ती पांढरी पद्मिनी दुसऱ्या गिअरमध्ये, सरळ रेषेत, सावकाश घाट उतरली. कर्जतच्या वखारीत गाडी उभी राहिल्यावर काकांनी चारही चाकांना एकेक करून हात लावून पाहिला. सर्व चाके सारखीच कोमट होती.