चित्ररथावर नसलेलं औसा

मैत्रिणींनो, २६ जानेवारीचं संचलन आपण सगळ्याच जणी बघतो. पोहे परतता परतता एक डोळा टीव्हीकडे असतोच. आधी जवान, मग तोफा, मग राज्याराज्यांचे चित्ररथ. कुठे बर्फाचे डोंगर, कुठे धबधबा आणि भोवती घागरे फिरवीत नाचणाऱ्या मुली. शेजारच्या पाकिस्तानातही २३ मार्चला अगदी असंच असतं हं! तिथेही रणगाड्यांमागून प्रांताप्रांतांचे चित्ररथ निघतात, त्यावर तिथले डोंगर आणि तिथली लोकनृत्यं. सीमेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, देशाचा अभिमान दाखवायची रीत एकच: जवान, निसर्ग आणि लोककला.

पण चित्ररथ एका मिनिटात पुढे सरकतो. त्यावर न मावणारं बरंच काही मागे गावात राहतं. ते बघायचं असेल, तर एकदा औशाला जा.

औसा म्हणजे लातूरपासून वीसेक किलोमीटरवरचं, तुळजापूर-सोलापूर रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. ह्यांची बदली लातूरला झाली तेव्हा "औशात काय आहे बघण्यासारखं?" असं मी शेजारणींना विचारलं, तर निम्म्या जणी म्हणाल्या, "किल्ला आहे की!" आणि निम्म्या म्हणाल्या, "काही नाही बाई, एस.टी. थांबते तेवढंच." दोन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबरच म्हणायची.

किल्ला म्हटलं की आपण मान वर करतो. रायगड, प्रतापगड बघून तशी सवयच लागलेली असते. औशाचा किल्ला मात्र भुईकोट. सखल जागेत बसलेला, भोवती रुंद खंदक, आत दुहेरी तट, बुरुजांवर अजून तोफा पडलेल्या. आत एक जलमहाल आहे, तो चुकवू नका. वर पाण्याचा हौद आणि त्याच्या तळाखाली दालन! मराठवाड्याच्या उन्हात गारवा मिळवायची ही युक्ती ज्याने काढली, त्याच्या डोक्याला दाद द्यावीशी वाटते. बहामनी काळापासून हा किल्ला कितींच्या तरी हातांतून गेला. मलिक अंबराने तो घेतला तेव्हा गावाचं नावही बदललं, अंबरापूर केलं. पुढे १६३६ साली शहाजहानच्या फौजेकडे गेला. अंबरापूर हे नाव काही टिकलं नाही, औसा ते औसाच राहिलं.

उदगीरची लढाई आपण शाळेत पाठ केलेली असते. सदाशिवरावभाऊंनी फेब्रुवारी १७६० मध्ये निजामाला हरवलं. पण ही लढाई एका जागी उभं राहून झाली नव्हती. निजामाची फौज उदगीरहून औशाच्या दिशेने सरकत होती आणि मराठे तिला घेरत चालले होते. मराठ्यांच्या बाजूने तोफखाना चालवीत होता इब्राहिमखान गारदी. वर्षभरातच, १४ जानेवारी १७६१ ला, यातले कितीतरी जण पानिपतावर पडले. मुख्य सरदारांची नावं बखरींत आहेत. पण औशाच्या शिवारात पडलेल्या शिपायांची नावं कुणी लिहून ठेवली? त्यांच्या घरी निरोप कधी पोचला असेल, कुणी सांगितला असेल? बुरुजावर उभं राहिलं की माझ्या मनात तरी तारखांपेक्षा हेच येतं.

आता जरा जवळच्या काळाकडे येऊ. इथल्या लोकांचा जवानांबद्दलचा जिव्हाळा पुस्तकातून आलेला नाही, त्याची कारणं डोळ्यांसमोर घडलेली आहेत.

१५ ऑगस्ट १९४७ ला तुमच्या-माझ्या माहेरी गुळ-खोबरं वाटलं गेलं असेल, पण मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यातच होता. औसा होतं उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात. लातूर जिल्हा झाला पुढे १९८२ साली. रझाकारांचा पुढारी कासिम रझवी लातूरलाच वकिली करणारा. त्या वर्षभरात खेडोपाडी जाळपोळ, लूट, बायकांची विटंबना, सगळं झालं. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोक झुंजत होते, आणि त्यात बायका मागे नव्हत्या. जालन्याकडच्या दगडाबाई शेळके यांचं नाव तिकडे आजही आदराने घेतात. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय सैन्य आत शिरलं, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. म्हणून १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन. शाळांतून झेंडा, प्रभातफेरी, घरी गोडाचं. औशाच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात "मिल्ट्री आली" हे शब्द असे येत, की जणू दुष्काळात पाऊस आला.

यापुढचं फारसं कुणी बोलत नाही. पण आपण बायकांनी तरी बोलावं असं मला वाटतं. मिल्ट्री आल्यानंतरच्या दिवसांत सूडाची लाट उठली, आणि ती रझाकारांवरच नव्हे, तर ज्यांचा काही संबंध नाही अशा मुसलमान शेजाऱ्यांवरही गेली. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये ती हिंडली. कारवाईच्या काळात आणि नंतर हैदराबाद राज्यात २७ ते ४० हजार माणसं मेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सगळ्यात होरपळलेले चार जिल्हे म्हणजे उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा आणि बीदर. काही ठिकाणी गणवेशातल्या माणसांचाही त्यात हात होता आणि बऱ्याच ठिकाणी त्याच सैन्याने लोकांना वाचवलं, अशा दोन्ही गोष्टी समितीने लिहिल्या. हा अहवाल कितीतरी वर्षं कपाटातच राहिला.

त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एकाच धंद्यातल्या माणसांनी एकमेकांना धरून ठेवलं, असं समितीला आढळलं. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांसाठी जीव धोक्यात घातले. माग शेजारी शेजारी असले की माणसं सहज तुटत नाहीत! औशात आजही किल्ल्याच्या सावलीत जुनी मशीद आहे, नाथांचा मठ आहे, आणि बाजारच्या दिवशी बुरख्यातली बाई आणि इरकलीतली बाई एकाच पाटीतली भेंडी घासाघीस करून घेतात. १७ सप्टेंबरचा झेंडा जरूर बघा. बघताना या दोघींच्या आज्यांची आठवणही असू द्या. एवढ्याने आपल्या जवानांचा मान काही कमी होत नाही.

दुसऱ्यांदा मिल्ट्री या तालुक्यात आली ती १९९३ साली. किल्लारी हे औसा तालुक्यातलंच गाव. २९ सप्टेंबरला रात्री गणपतींचं विसर्जन करून लोक थकून झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. इकडची जुनी घरं तुम्हाला माहीत असतील: जाड दगडमातीच्या भिंती, वर लाकडी खण आणि त्यावर हातभर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. पिढ्यानपिढ्या ज्या छपराने जपलं, तेच अंगावर आलं. सरकारी आकड्याप्रमाणे सुमारे आठ हजार माणसं गेली. जवान आले, पावसात, नाकाला फडकी बांधून. हाताने दगड उपसले, प्रेतं बाहेर काढली, चिता रचल्या. पाच दिवसांनी एका ढिगाऱ्यात, खाटेखाली, दीड वर्षाची मुलगी जिवंत सापडली. तिला बाहेर काढणारा होता एक लष्करी अधिकारी.

नव्या किल्लारीत एका आजींनी मला चहा दिला. सांगत होत्या, "बाई, आमच्या माणसाला आमी शिवलो नाही, त्या पोरानं उचललं. कुठलं होतं की, भाषा बी कळंना." कुठलं होतं की! पंजाबचं असेल, मद्रासकडचं असेल. चित्ररथाच्या पुढे पावलं टाकत जाणारा जवान आपण बघतो, तो या आजींना असा भेटलेला होता. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जुन्या किल्लारीत स्मारक आहे. तिथे जाल तर मुलांना आधी समजावून न्या, सहलीसारखा गोंगाट नको.

निसर्गाचं म्हणाल, तर औशाला बर्फ नाही, समुद्र नाही. पावसाने पाठ फिरवली की काय होतं ते २०१६ साली सगळ्या देशाने बघितलं, मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आणावं लागलं. निलंग्याच्या बाजूला खरोशाची लेणी आहेत, साधारण सहाव्या शतकातली. आपली बहुतेक लेणी काळ्या पाषाणात, ही मात्र जांभ्या दगडात. म्हणून मूर्ती झिजल्या आहेत, नाकडोळे शोधावे लागतात. अर्ध्या दिवसाचं काम आहे. चपला नकोत, बूट घाला, आणि पाणी बरोबर न्या.

पण औशाचं खरं रूप बघायचं असेल तर मार्गशीर्ष अमावस्येला या. इकडे तिला येळवस म्हणतात. पुण्या-मुंबईकडे ही माहीतही नसते! लातूर आणि धाराशिवकडचा हा सगळ्यात लाडका सण. त्या दिवशी गाव ओस पडतं, कारण गाव शेतात गेलेलं असतं. काळ्याभोर रानात गुडघ्याच्या वर आलेली ज्वारी, मधे पिवळ्या करडईचे पट्टे, हरभऱ्याचा आंबूस वास. शेतात कडब्याची खोप उभारतात, तिच्यात पाच पांडवांचे दगड चुन्याने रंगवून मांडतात, वरून घरातली ठेवणीतली शाल पांघरतात. कुणाची शाल, कुणाची खोप नीट, याची बायकांत मूक स्पर्धा असते म्हणा ना! या खोपी कुठल्या प्रदर्शनात जात नाहीत, दोन दिवसांत मोडूनही जातात. माझ्या मते लोककला म्हणतात ती हीच.

आणि जेवण! भज्जी म्हणजे कांद्याची भजी नव्हे हं. हरभरा, तूर, वाटाणा, वाल यांचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी-चुक्यासारख्या पालेभाज्या, चिंचेचा कोळ, आणि वर डाळीचं पीठ लावून केलेली दाट भाजी. सोबत बाजरीचे उंडे आणि ज्वारीचं आंबवलेलं, ताकातलं अंबिल. घरची बाई आदल्या रात्री झोपतच नाही. पहाटे अंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन ती शेताची वाट धरते. घरी करून बघणार असाल तर एकच सांगते, दाणे आधी वेगळे अर्धवट शिजवून घ्या आणि पीठ शेवटी, पाण्यात कालवून, ढवळत ढवळत घाला. नाहीतर गुठळ्या होतात.

तुळजापूर जवळ असल्यामुळे इकडे आराधी बायकांची गाणीही खूप. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, आणि आवाज असा की माइक लागत नाही. औसेकर महाराजांच्या परंपरेतलं चक्रीभजन तर पंढरपूरला विठ्ठलासमोरही होतं. गाता गाता गोल फिरायचं, पण ताल सुटायचा नाही! तांड्यांवरच्या बंजारा बायकांचं आरशाकवड्यांचं भरतकाम मिळालं तर घ्या. भाव करा, पण फार ताणू नका. एका ओढणीला किती रात्री गेल्या असतील ते टाका घालणाऱ्या आपल्यालाच समजतं. गोधड्या मात्र विकत मिळतील अशी आशा धरू नका. त्या घरच्या माणसांसाठी असतात, जुन्या लुगड्यांच्या, आणि कुठला तुकडा कुणाच्या लग्नातला ते विचारलंत तर तासभर सहज जाईल.

किल्ल्याला सकाळी लवकर जा, दहानंतर ऊन सोसत नाही. लातूरला मुक्काम केला तर किल्ला, किल्लारी आणि खरोसा दोन दिवसांत निवांत होतं. येळवशीला जाणार असाल तर ओळखीचं कुणी नसलं तरी चालतं, रस्त्यावरून जाणाऱ्याला शेतातून हाक येतेच. रिकाम्या हाती जाऊ नका, मुलांसाठी काही खाऊ न्या. आणि अंबिल दुसऱ्यांदा वाढायला आल्या तर भांडं हाताने झाकू नका, त्यांना राग येतो.