सानोक : दुःस्वप्नांचं गाव?

मोबाइलवर स्क्रोल करताना कधीतरी हे चित्र तुमच्या समोर आलं असेल. मातकट उजेड आणि त्यात एकमेकांना घट्ट बिलगलेली दोन हाडकुळी शरीरं. भीती वाटते, तरी नजर हटत नाही. चित्राला शीर्षक नाही. चित्रकाराचं नाव उच्चारताना जीभ अडखळते : झ्जिस्वाव बेक्शिन्स्की. २०२१ मध्ये आलेला ‘द मीडियम’ हा हॉरर गेम खेळला असाल, तर त्याच्या चित्रांवरून सुचलेल्या जगात तुम्ही फिरूनही आला आहात.

या माणसाचं गाव म्हणजे सानोक. पोलंडच्या आग्नेय कोपऱ्यात, क्राकूवहून बसने साधारण चार तासांवर. इतकी भयाण चित्रं काढणाऱ्याचं गाव कसं असेल? मी उतरले तेव्हा दिसलं एक निवांत, नीटनेटकं गाव. भर रस्त्यात बाकावर बसलेला ‘श्वाइक’चा पुतळा, म्हणजे चेक कादंबरीतला तो इरसाल सैनिक. त्याच्यासोबत फोटो काढणारी पोरं. आणि नदीच्या वर, टेकडीवर किल्ला.

गाव दिसतं निवांत, पण त्याचा इतिहास तसा नाही. किल्ल्यावरून खाली वाहणारी सान नदी १९३९ ते १९४१ या काळात चक्क सरहद्द होती. अलीकडे जर्मन, पलीकडे सोव्हिएत. (पलीकडच्या पोलंडमधून सोव्हिएतांनी लाखो लोकांना हद्दपार केलं. त्या हद्दपारांपैकी सुमारे ५ हजार जण पुढे आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले.) १९४२ मध्ये सानोकच्या ज्यूंना जवळच्या झास्वाव छावणीत नेलं गेलं. तिथून पुढे बेल्झेतचं मृत्युकेंद्र. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये आसपासच्या खेड्यांतून युक्रेनियन आणि लेम्को लोकांना उठवलं गेलं. गावं रिकामी झाली, चर्चेस ओस पडली.

त्या चर्चेसमधल्या अनेक मूर्तिचित्रांचा मोठा संग्रह आज याच किल्ल्यात आहे. सोनेरी पार्श्वभूमी, लांबट चेहरे, मोठे डोळे. आणि त्याच किल्ल्याच्या पुन्हा बांधलेल्या भागात २०१२ पासून बेक्शिन्स्कीची गॅलरी आहे. एका तिकिटाच्या अंतरावर दोन जगं!

बेक्शिन्स्कीचा जन्म १९२९ चा. युद्ध सुरू झालं तेव्हा तो दहा वर्षांचा होता. म्हणजे गणित सोपं आहे ना? युद्ध पाहिलं, म्हणून कवट्या काढल्या. गॅलरीत माझ्या शेजारी उभ्या असलेल्या जोडप्याचंही हेच चाललं होतं. प्रत्येक चित्राला त्यांच्याकडे एक घटना तयार होती.

पण बेक्शिन्स्की स्वतः या गणिताला कधीच तयार झाला नाही. चित्रांना नाव द्यायचं नाही, अर्थ विचारायचा नाही, हा त्याचा नियम. आपली काही चित्रं तर आशावादी, अगदी गमतीशीरही आहेत, असं त्याचं म्हणणं. प्रत्यक्षातला माणूसही गप्पिष्ट, लाजरा. प्रवासाचा कंटाळा. स्वतःच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनालाही जायचं टाळणारा. मोठ्याने शास्त्रीय संगीत लावून चित्रं काढणारा.

आणि नोकरदारांनो, हे तर खास आपल्यासाठी! क्राकूवमध्ये आर्किटेक्चर शिकून तो गावी परतला आणि बांधकामाच्या साइटवर सुपरवायझर झाला. त्या नोकरीचा त्याला मनापासून तिटकारा होता. मग गावातल्याच बस कारखान्यात डिझायनर म्हणून लागला. या कारखान्याचं मूळ रोप त्याच्या पणजोबांनी लावलेलं. म्हणजे ज्या हातांनी ती जळणारी शहरं रंगवली, त्याच हातांनी बसची बॉडीही डिझाइन केली.

तारखा पाहिल्या की ते सोपं गणित आणखी कोलमडतं. त्याची सर्वांत गाजलेली, सर्वांत भयाण चित्रं साधारण साठच्या दशकापासून ऐंशीच्या मध्यापर्यंतची. घरात बायको झोफिया, मुलगा तोमाश. संसार चारचौघांसारखा. १९७७ मध्ये जुनं घर सोडून वॉर्साला जाताना त्याने काही चित्रं अंगणात जाळून टाकली. फारच खासगी आहेत, असं त्याला वाटलं. ती कशी होती, आपल्याला कधीच कळणार नाही.

खरे आघात आले ते नंतर. १९९८ मध्ये झोफिया गेली. १९९९ च्या नाताळच्या आदल्या दिवशी तोमाशने, पोलंडच्या लाडक्या रेडिओ निवेदकाने, आत्महत्या केली. तो सापडला तो वडिलांनाच. या काळात बेक्शिन्स्की काय करत होता? कॉम्प्युटरवर बसला होता. पन्नासच्या दशकात तो फोटोग्राफर होता, पण कॅमेऱ्याला जे जमत नव्हतं त्यासाठी त्याने फोटोग्राफी सोडली होती. नव्वदच्या दशकात आधी झेरॉक्स मशिन, मग कॉम्प्युटर हाती आला आणि चाळीस वर्षांपूर्वीचं अर्धवट काम पुन्हा सुरू झालं. फोटोतली कातडी दगडात मिसळायची, चेहरा निसर्गचित्रात. तुम्ही त्यात मुलाचं दुःख शोधाल. मीही शोधलं. पण दिसतो तो एक सत्तरीतला माणूस, नव्या खेळण्यात विशीतल्यासारखा बुडालेला.

२१ फेब्रुवारी २००५ ला वॉर्सातल्या त्याच्या फ्लॅटमध्येच त्याचा खून झाला. ओळखीतल्याच एका तरुणाला त्याने थोडे पैसे उसने द्यायला नकार दिला होता. वय ७५. पुन्हा मोह होतो म्हणायचा, ‘बघा, चित्रांनी आधीच सांगितलं होतं!’ नाही. चित्रांनी काहीच सांगितलं नव्हतं.

गॅलरीत त्याची वॉर्सातली खोली जशीच्या तशी उभारली आहे. तिथे उभं राहिलं की जाणवतं, त्याचं जगणं चित्रांत उतरलं ते घटनांच्या यादीसारखं नाही. रिकाम्या चर्चेसचा प्रदेश, साइटवरचा कंटाळा, संगीत, हट्ट, सगळं एकत्र मुरलं. कशातून काय आलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं. आपण मात्र दुसऱ्याच्या दुःखाचा हिशेब लावून मोकळे होतो. त्याने तो शेवटपर्यंत लावू दिला नाही. त्याची चित्रं अजून झोप उडवतात, ती म्हणूनच.

कसं जाल? : क्राकूवहून बस. एक अख्खा दिवस हाताशी ठेवा. आधी मूर्तिचित्रं, मग बेक्शिन्स्की. उलट क्रमाने गेलात, तर मूर्तिचित्रांचे डोळेही पाठलाग करतील.