हप्ता नक्की, पगार अंदाजे

संपादकांनी लेख मागतानाच शीर्षकही सुचवलं होतं : 'बायोमेडिकल इंजिनिअरिंग – संधींचं नवं दालन'. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाचा बायोमेडिकल विभाग मी बरीच वर्षं सांभाळतोय. दर पावसाळ्यात माझ्याकडे येणारे पालक दालनाबद्दल विचारत नाहीत. कर्ज काढावं का, एवढंच विचारतात.

आधी आमच्याविषयी थोडं. 'बायोमेडिकल' म्हटलं की निम्म्या लोकांना कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या आठवतात. उरलेल्यांना वाटतं, 'नीट' हुकली तर हा मागचा दरवाजा आहे, पोरगा निदान अर्धा डॉक्टर तरी होईल. तो होत नाही. तो डीफिब्रिलेटर अ‍ॅनलायझरला जोडतो, २०० जूल लावतो, शॉक देतो आणि प्रत्यक्षात किती जूल निघाले ते वहीत लिहितो. मग विजेची गळती मोजतो. जे उपकरण थेट हृदयाशी जोडायचं, त्यातून रुग्णाकडे एरवी दहा मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह गळता कामा नये. हातापायाला कळणारही नाही इतका हा प्रवाह क्षुल्लक, पण हृदयाच्या आत त्याचा हिशेब वेगळा असतो. (संपादक इथे कात्री लावणार, ठाऊक आहे.) सगळं नीट चाललं तर आम्ही आहोत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मॉनिटरवरचं तारखेचं स्टिकर एवढीच आमची खूण. या कामाचा मला अभिमान आहे, पण अभिमानाचं पेस्लिपवर काही उमटत नाही. माझ्या ओळखीच्या रुग्णालयांत नव्या बी.ई.ला महिना पंचवीस-तीस हजार मिळतात.

यंदा आमच्या आयसीयूतल्या एक सिस्टर आल्या. मुलाला अमेरिकेत बायोमेडिकलच्या एम.एस.ला प्रवेश मिळालेला, कर्ज चाळीस लाखांचं, तारण डोंबिवलीचा फ्लॅट. हातात एक प्रिंटआउट : अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी ब्यूरोनुसार बायोमेडिकल इंजिनिअरचा वार्षिक मध्यम पगार १,०६,९५० डॉलर, मे २०२४चा. शेजारी पेनाने ८८चा गुणाकार. "सर, वर्षाला चौऱ्याण्णव लाख. दोन वर्षांत फिटेल ना?"

आकडा खरा आहे, गुणाकारही बरोबर आहे. पण ज्यांना त्या हुद्द्याची नोकरी लागलेली आहे, त्यांच्यातला तो मधला माणूस. त्यात वीस वर्षं मुरलेलेही आले. ज्यांना नोकरी लागलीच नाही, ते त्या हिशेबात नाहीत. कर्जाचं मात्र असं नसतं, ते प्रत्येकाच्या नावावर पूर्ण चढतं.

आता बँकेचा हिशेब. चाळीस लाख, व्याज साडेदहा टक्के. शिक्षणाची दोन वर्षं आणि वर एक वर्ष हप्ता नाही, याला लोक सवलत समजतात. हप्ता थांबतो, व्याज थांबत नाही. रक्कम टप्प्याटप्प्याने उचलली तरी तीन वर्षांचं सरळव्याज धरून हप्ता सुरू होताना पन्नास लाखांच्या आसपास देणं असतं. दहा वर्षांच्या मुदतीला महिना साडेसदुसष्ट हजार. तिकडच्या नोकरीत हे जड नाही. मुलगा परत आला, तर माझ्या विभागातल्या दोन नव्या पोरांचा पगार एकत्र केला तरी हप्ता भागणार नाही. प्राप्तिकरात कलम ८०ईखाली व्याजाची वजावट आहे, आठ वर्षं, कमाल मर्यादेविना. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत, आणि वजावट म्हणजे सूट नव्हे, हे दरवर्षी कुणाला तरी समजावावं लागतं.

पण माझा खरा राग वेगळ्याच आकड्यावर आहे. याच ब्यूरोने २००८ ते २०१८ या दशकासाठी भाकीत केलं होतं : बायोमेडिकल इंजिनिअरच्या नोकऱ्या ७२ टक्क्यांनी वाढतील. पुढच्या खेपेला ६२ टक्के. २०१२मध्ये सीएनएनमनीने या व्यवसायाला अमेरिकेतल्या सर्वोत्तम नोकऱ्यांच्या यादीत पहिला क्रमांक दिला. तो टक्का आमच्याकडच्या माहितीपत्रकांत आला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. टक्केवारी कशाची, हे कुणी विचारलं नाही. २००८मध्ये सगळ्या अमेरिकेत या हुद्द्याच्या नोकऱ्या होत्या १६ हजार. ७२ टक्के वाढ म्हणजे दहा वर्षांत साडेअकरा हजारांची भर, तीही एवढ्या मोठ्या देशात! आणि २०१८ उजाडलं तेव्हा आकडा होता १९,८००. २७,६००चा अंदाज होता. पुढे ब्यूरोने आपले अंदाज एक आकडी टक्क्यांवर आणले. ती बातमी झाली नाही. दरम्यान विद्यापीठांनी विभाग उघडले, आणि पदवीधर दरवर्षी कित्येक हजारांनी बाहेर पडू लागले.

यावर एक प्रामाणिक उत्तर आहे, तेही सांगतो. अनेक पदवीधर क्वालिटी, रेग्युलेटरी, सॉफ्टवेअर अशा हुद्द्यांवर लागतात, ते या गणतीत येत नाहीत. म्हणजे चित्र आकड्याइतकं वाईट नाही. पण त्याच खुर्च्यांवर मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलवालेही बसतात, आणि कंपन्यांना ते आवडतात. मेडट्रॉनिक काढणारे अर्ल बाकेन इलेक्ट्रिकल इंजिनिअर. सीटी स्कॅनसाठी १९७९चं नोबेल मिळालेले हाउन्सफील्डही इलेक्ट्रिकलचेच. आम्हाला सगळंच थोडं थोडं येतं, अशी आमच्यावरची जुनी तक्रार. आपल्याकडेही वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१८पासून लागू झाले आणि रेग्युलेटरीची थोडी कामं निघाली, पण हप्ता भागेल असा पगार त्यांत मला दिसलेला नाही.

व्हिसाचं थोडक्यात : शिक्षणानंतर तीन वर्षं काम करता येतं, पुढे एच-वन-बीची सोडत. सप्टेंबर २०२५पासून परदेशातून आणायच्या नव्या कर्मचाऱ्यामागे एक लाख डॉलरची फी आली. तिथेच शिकलेल्याला ती बहुधा लागत नाही. पण मुलगा एकदा परत आला की त्याला पुन्हा बोलावणाऱ्या कंपनीला लागते. म्हणजे डोंबिवलीच्या फ्लॅटची भिस्त शेवटी सोडतीवर.

सिस्टरांना मी 'नाही' म्हटलं नाही. पोरगा हुशार आहे, इन्फ्युजन पंप उघडून बसला की जेवायचं विसरतो. एम.एस. इलेक्ट्रिकलची कर आणि प्रोजेक्ट वैद्यकीय उपकरणावर घे, एवढं सुचवलं. त्याला ते पटलेलं नाही. आणि सांगताना मीही अडखळलो, कारण माझ्याच विभागात जागा निघाली की इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमावाला मला आधी आठवतो. तो लवकर शिकतो, टिकतो आणि स्वस्त पडतो. या तिसऱ्या कारणावर लेख लिहायला मला कुणी सांगत नाही.

सिस्टरांना आणखी एक काम दिलंय : विद्यापीठाकडे मागच्या तीन बॅचची यादी मागा. किती जण लागले, कुठे लागले आणि त्यांतले परदेशी विद्यार्थी किती. सर्वाधिक पॅकेजचा आकडा नको. पहिल्या ई-मेलला उत्तर म्हणून रंगीत माहितीपत्रकाची पीडीएफ आली. दुसरी ई-मेल आम्ही दोघांनी मिळून लिहिली, त्यात माहितीपत्रक मिळालं असं आधीच नमूद केलंय.